अकरा हजार किलोमीटर, शेजारशेजारी

थोरल्याचं आरशांचं दुकान आणि धाकट्याचं फोटोफ्रेमचं, मध्ये एकच भिंत. धाकट्याने एकदा आपल्या बाजूने त्या भिंतीत मोठा खिळा ठोकला आणि पलीकडे थोरल्याचे आरसे खाली आले. तेव्हापासून सख्ख्या भावांचं बोलणं बंद. याला सहा वर्षं झाली होती. निरोप असलाच तर समोरच्या औषधवाल्यामार्फत जायचा.

त्यांची ताई दूरच्या शहरात लेकीकडे राहायची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने दोघांना बोलावून घेतलं. तिकिटंही तिनेच काढली. अंतर अकरा हजार किलोमीटर, विमान तेरा तासांचं, जागा शेजारशेजारच्या.

"मुद्दाम केलंस," थोरला फोनवर म्हणाला.

"मग काय चुकून करीन?" ताई म्हणाली.

विमानात थोरला खिडकीशी, धाकटा मध्ये आणि कडेला एक धिप्पाड गृहस्थ. ते बसल्या बसल्या झोपले. दोन खुर्च्यांमधला हात कोणाचा, यावरून भावांच्या कोपरांचं भांडण बराच वेळ चाललं होतं. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर एक छोटं विमान. ते जागचं हलत नव्हतं.

काही तासांनी थोरल्याला बाथरूमला जायचं झालं. त्याने हवाईसुंदरीला हात केला. "यांना जरा उठायला सांगा." तिला भाषा कळली नाही. तिने हसून पाणी आणून दिलं. त्याने पुन्हा हात केला. पुन्हा पाणी आलं. पाण्याने अडचण वाढतच होती.

"ऊठ," शेवटी तो समोरच्या खुर्चीकडे बघत म्हणाला.

"कोणाला म्हणतोयस?"

"तुलाच. लवकर."

धाकटा उठला. धिप्पाड गृहस्थांनाही त्यानेच उठवलं.

समुद्रावर विमान हादरायला लागलं. कप सांडले, मागे कोणीतरी किंचाळलं. थोरल्याने धाकट्याचं मनगट गच्च धरलं.

"दादा, नखं रुततायत."

"रुतू देत."

विमान शांत झाल्यावर थोरल्याने हात सोडला, कोट नीट केला.

"ताईला सांगू नकोस."

"काय?"

"मी घाबरलो ते."

"मीपण घाबरलो होतो."

"ते सांगितलंस तरी चालेल."

धाकट्याने हसू दाबलं, पण ते फार वेळ दाबता आलं नाही. थोरला खिडकीबाहेर ढग बघत होता. त्याचेही खांदे हलत होते.

"तू मला गाढव म्हणालास ना?" धाकट्याने विचारलं.

"मी मूर्ख म्हटलं होतं. गाढव औषधवाल्याच्या पदरचं."

मग औषधवाल्याचे सगळेच निरोप एकेक करून तपासून झाले. त्यात पुष्कळ अंतर कापलं गेलं. धाकट्याच्या नातीचे फोटोही निघाले. थोरल्याने तिला अजून पाहिलं नव्हतं. त्याने चष्मा पुसून ते दोनदा पाहिले.

ताईचं ऑपरेशन नीट पार पडलं. तिला आधार देऊन कोण बरं चालवतं, यावरून दोघे रोज भांडले. समोरासमोर भांडले.

परतीच्या प्रवासासाठी ताईने दया येऊन दोघांना एकमेकांपासून लांबच्या रांगांतल्या जागा घेतल्या होत्या. विमानतळावर भाचीला काउंटरशी हुज्जत घालून त्या बदलून घ्याव्या लागल्या.

"मिळाल्या शेजारच्या," ती परत येऊन म्हणाली. "पण मामा, परत जाताना वारा समोरून असतो. तासभर जास्त लागेल."

"लागू दे," थोरला म्हणाला आणि त्याने दोघांच्या बॅगा काट्यावर ठेवल्या.