गिरणीचा मीटर

होटगी रोडला आमची सहा गुंठे जागा आहे. पुढे माझी पिठाची गिरणी आणि दोन गाळे, मागे घर. नवरा गेल्यापासून जागा माझ्या नावावर आहे आणि गिरणीही मीच चालवते. चन्नवीर बिल्डरचं म्हणणं, सगळं पाडू, खाली दुकानं, वर फ्लॅट. त्यातले दोन फ्लॅट आणि एक दुकान आम्हाला. बँकेत असलेला माझा मुलगा बुद्धभूषण एका पायावर तयार. मला मात्र महिनाभर घास गोड लागेना.

"त्या दुकानात गिरणी चालंल की?" मी चन्नवीरला विचारलं.

"मावशी, वर माणसं राहणार. पिठाची धूळ, मशीनचा दणदणाट कोण सोसंल? साड्यांचं दुकान टाका की."

साड्या! मला स्वतःची एक साडी निवडायला अर्धा दिवस लागतो. "विचार करून सांगते," म्हणाले, आणि विचार काही संपेना.

सोमवारी शेजारच्या गुरम्माची ज्वारी दळत होते. तेवढ्यात वायरमन दारात येऊन उभा राहिला. "मावशी, गिरणीचा मीटर काढायला आलोय. तुमचाच अर्ज हाय."

अर्जावर सही खरंच माझी होती. मोजणीचे कागद म्हणून भूषणनं चार ठिकाणी सह्या घेतल्या होत्या, त्यातलाच हा एक. पोटच्या पोरानं पुढं केलेला कागद कोण वाचून बघतं?

फोन केला तसा तो धावत आला. "आई, सांगणारच होतो गं. किती खोकतीस! डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस की. हे पीठ तुझ्या छातीत बसलंय."

खोटं नव्हतं ते, म्हणूनच जास्त राग आला. भीतीही वाटली. गिरणी गेली तर सकाळी उठून मी करायचं काय? माझ्या दारात येणार कोण?

वायरमनकडून कोरा कागद मागून घेतला. "अर्ज माघारी घेतला म्हणून लिवा. मीटर हितंच राहणार." त्यानं लिहिलेलं आधी शब्दन् शब्द वाचलं, मग खाली सही केली.

"अगं, पुढची जागा सोडून नुसती मागची चन्नवीर घेणार न्हाय," भूषण म्हणाला. "सगळंच मोडंल."

"मोडू दे."

"मला न विचारता ठरवलंस?"

"व्हय. तुज्यासारखंच."

गुरम्मा फिदीफिदी हसली. मी बोलून गेले खरी, पण भूषणच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.