अकरा भागाकार

पक्षाघाताने बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की डाव्या हाताने रोज काहीतरी लिहा, नाहीतर तोही आळसावेल. बाबांचा जन्म लेथ मशीनवर गेलेला, लिहिणार काय? त्यांनी आपल्या मशीनच्या पाटीवरचा नंबर वहीत उतरवला, ९९७९९८११, आणि ही मूळ संख्या आहे का ते हातानेच शोधायचं ठरवलं.

दोन, तीन, पाच लगेच निकालात निघाले. पुढे रोज न्याहारीनंतर एक भागाकार. फक्त मूळ संख्यांनीच भागायचं, तेही नऊ हजार नऊशे नव्वदच्या आतल्या. त्याहून मोठ्या संख्येने भाग गेलाच तर तिचा जोडीदार आधीच हाती लागलेला असणार, असं त्यांनी मला समजावलं होतं. अशा संख्या बाराशे एकोणतीस. आई म्हणायची, घरकामात कधी भाग घेतला नाहीत, आता मात्र उठल्यासुटल्या भागच भाग.

तीन वर्षं उलटली. सुरुवातीचे कोंबडीचे पाय जाऊन अक्षर वळणदार झालं होतं.

त्या सकाळी मी त्यांना तपासणीला न्यायला आले होते. उशीर झालेला, आणि बाबा सावकाश ९८७१ ने भागत बसलेले. बाकी चार हजार एक उरली, ती त्यांनी दोनदा पडताळली. माझा धीर सुटला. मी लॅपटॉप उघडून नंबर टाकला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

“बाबा, नऊ हजार नऊशे त्र्याहत्तरने भाग जातो. मूळ नाहीये ती. सुटलात एकदाचे.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“अकराच राहिले होते, बाळा,” ते म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

त्या संख्येने आपला भाजक अगदी शेवटी दडवला होता, बाराशे एकोणतिसावा. अकरा दिवसांनी तो त्यांना स्वतःलाच सापडला असता. हे माझ्या डोक्यात शिरलं ते गाडी सुरू केल्यावर. मी माफी मागितली. ते म्हणाले, त्यात काय एवढं, उत्तर कळल्याशी मतलब.

वही पुन्हा उघडली नाही. मी नव्या वहीत दुसरा नंबर लिहून दिला, याहून मोठा. छान आहे म्हणाले, सातापर्यंत गेले आणि थांबले. पुढे आईने सांगितलं की शेवटच्या भागाकाराला त्यांना मला समोर बसवायचं होतं. मला का नाही बोलले, असं विचारलं तर ती म्हणाली, “माझं कौतुक बघायला ये, असं पोरीला कोणत्या तोंडाने सांगणार?”

वर्षभरात डावा हातही जड झाला. दवाखान्याच्या कागदावर सही हवी होती. बाबांनी पेन घेतलं, दोनदा टेकवलं आणि परत दिलं. मग मीच त्यांचा अंगठा शाईला लावला आणि कागदावर दाबून धरला.