जपून ठेवलेला जिना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिना आहे. एका तीन मजली इमारतीच्या पोटात मी उभा आहे. दार ढकलून आत आलात की डाव्या हाताला टपालपेट्या आणि समोर मी. मजल्यागणिक दोन वळणं घेत मी वर चढतो. माझ्या मधोमध तेव्हा विहिरीसारखी चौकोनी पोकळी होती, खालून थेट छतापर्यंत.

मला घडवणारा सुतार मोठा हट्टी माणूस. पायऱ्या त्याने भराभर उरकल्या, पण कठड्यावर मात्र वर्षभर ठाण मांडलं. कठड्याच्या प्रत्येक गजावर त्याने वेल कोरली, आणि एक वेल दुसरीसारखी नाही. मालक वैतागून विचारायचा, की लोक इथे जिना चढायला येणार आहेत की बघायला? सुतार मान वर न करता काम करत राहायचा. मला तेव्हापासूनच थोडा गर्व चढला होता, हे लपवत नाही.

पुढे मी खूप राबलो. कपाटं, पाळणे, शिवणयंत्रं, सगळं माझ्यावरून गेलं. मुलं कठड्यावरून घसरत खाली यायची आणि खाली पोचली की कुणाची तरी आई कान पिळायला उभीच असायची. कौतुक असं कुणी केलं नाही. जिन्याचं कौतुक कोण करतं?

टेलिफोन केंद्रात नोकरी करणाऱ्या एक बाई लग्न होऊन तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. त्यांची सख्खी बहीण समोरच्याच इमारतीत राहायला आली. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. रोज संध्याकाळी धाकटी यायची. पहिल्या वळणावरच तिचं बोलणं सुरू व्हायचं आणि तिसरा मजला येईपर्यंत निम्मी हकिगत सांगून झालेली असायची. असं कित्येक वर्षं चाललं. मग दोघींचे नवरे गेले, आणि पाठोपाठ दोघींचे गुडघेही गेले.

तेव्हा इमारतीतल्या लोकांनी एक रीत पाडली. दर रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी आणि त्याचा भाऊ थोरलीला वेताच्या खुर्चीत बसवायचे आणि खुर्ची उचलून खाली आणायचे. समोरून धाकटीलाही तिचे शेजारी उतरवायचे. दोघी तासभर उन्हात बसायच्या. वळणावर खुर्ची कठड्याला घासायची आणि माझ्या वेलींवर ओरखडे उठायचे. त्या ओरखड्यांचं मला कधीच दुःख झालं नाही.

मग माझं नशीब उघडलं, असं सगळे म्हणाले. जुन्या वास्तू जतन करणारी नगरपालिकेची समिती आली. माझे फोटो निघाले, मापं घेतली गेली आणि मी जपण्याजोगा ठरलो. दारात पितळी पाटी लागली. तिच्याखाली दुसरी पाटी आली : जिन्यावरून अवजड वस्तू नेऊ नयेत, कठड्यास काहीही घासू नये. शिंपी बिचारा सरळमार्गी. मालकाने दटावल्यावर त्याने खुर्चीला हात लावला नाही. थोरलीला हे कळलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे मी आता सामानात जमा झाले." त्यानंतर ती खाली उतरली नाही.

त्याच सुमारास शहराचे बांधकामाचे नियम बदलले. माणसं वाढली होती, घरं अपुरी पडत होती. आमच्या रस्त्यावर आधी तीन मजल्यांच्या वर बांधता येत नसे, आता आठ मजल्यांना परवानगी मिळाली. समोरच्या इमारतीत कोरलेला कठडा नव्हता, त्यामुळे ती बिनबोभाट पाडली गेली. मी त्याला वाईट म्हणणार नाही. तिथे कितीतरी नव्या कुटुंबांना घर मिळालं. पण बांधकाम होईपर्यंत धाकटी दूरच्या वस्तीत राहिली, आणि थोरली खिडकीतून नुसती धूळ बघत बसली.

धाकटी परतली ती सातव्या मजल्यावर. तिच्याकडे लिफ्ट होती. ती आता खाली येऊ शकत होती, हळूहळू रस्ता ओलांडू शकत होती. माझ्या पायऱ्या मात्र तिला चढवत नव्हत्या. मग ती माझ्या पायथ्याशी उभी राहायची, वर थोरली कठड्याला धरून उभी राहायची आणि दोघी माझ्या पोकळीतून बोलायच्या. औषधं घेतलीस का, झोप लागली का, ती शेजारीण अजून तशीच आहे का. भांडायचं झालं तरी साऱ्या इमारतीच्या साक्षीने भांडावं लागे. आणि खालून धाकटीला थोरली दिसायची नाही. दिसायचा तो फक्त कठड्यावरचा तिचा हात.

यावर एकच उपाय होता. मालकाने अर्ज केला, की वर दोन मजले वाढवू द्या आणि पोकळीत लिफ्ट बसवू द्या. त्यासाठी माझा कठडा काढावा लागणार होता आणि पायऱ्याही वीतभर कापाव्या लागणार होत्या. समितीने अर्ज परत पाठवला. मालकाने पुन्हा केला, पुन्हा परत आला. प्रत्येक वेळी समिती पाहणीला यायची आणि पायथ्याशी उभी राहून वर बघायची, कारण तिथून वेली सर्वांत सुंदर दिसतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत कुणीच चढलं नाही. आणि मित्रांनो, मलाही कापून घ्यायचं नव्हतं. जीव कुणाला नको असतो?

शेवटच्या पाहणीच्या दिवशी समिती अशीच माना वर करून उभी होती. तेवढ्यात धाकटी आली. तिची रोजची जागा अडलेली, म्हणून ती भिंतीला टेकून थांबली. वरून थोरलीने विचारलं, "आलीस का गं?"

"आले. पण आज इथे माणसं आहेत."

समितीच्या अध्यक्षबाईंनी धाकटीला विचारलं, की आपण वर का जात नाही? धाकटी शांतपणे म्हणाली, "माझे गुडघे मला वर जाऊ देत नाहीत आणि तुमची पाटी तिला खाली येऊ देत नाही."

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. त्या चढू लागल्या. त्याही काही तरुण नव्हत्या. प्रत्येक वळणावर थांबत त्या वर पोचल्या. थोरलीने त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः कठड्याला धरून उभी राहिली.

ती म्हणाली, "या जिन्यावर माझा राग नाही. हा कठडा रोज मीच पुसते. तो किती सुंदर आहे, ते मला कळतं. पण त्याला जपता जपता तुम्ही मला वरच ठेवून दिलंत."

त्या वर्षी अर्ज मंजूर झाला. एका तरुण सुताराने कठडा उतरवला. करवत चालली तेव्हा मी फार कण्हलो. वेलींचा एक तुकडा समितीच्या कार्यालयात काचेमागे आहे म्हणतात. माझी पोकळी बुजली, तिथे लोखंडी खोका आला, आणि आता माझ्यातून कुणाची हाक वर जात नाही.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी धाकटी सकाळपासून खाली उभी होती. दार उघडलं, थोरली बाहेर आली. धाकटीने आधी तिचा हात हातात घेतला आणि मग तिच्या तोंडाकडे बघितलं. "हात ओळखीचा आहे," ती म्हणाली, "पण किती म्हातारी झालीस गं." बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून दोघी माझ्या सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. माझ्या कठड्याने जन्मात मिळवलं नव्हतं, ते त्या साध्या पायरीला मिळालं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. आम्हाला जपलंत तर आम्हाला आनंदच आहे. पण जपायला याल तेव्हा नुसते पायथ्याशी उभे राहू नका. शेवटच्या मजल्यापर्यंत चढा, दार वाजवा आणि आत कोण आहे ते आधी विचारा.