नाभीतली माती

...आणि तो कण हिरवा होता. सुईच्या टोकावर, खसखशीच्या दाण्याहून लहान, पण हिरवा. तिने दिवा जरा कलता केला, भिंगावरून डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला – दिव्याचीच काही लबाडी असेल म्हणून – पण दिवा बिचारा सरळ होता. कण हिरवाच होता, आणि ज्या शंखाला ती लहानपणापासून पिवळ्या खाणीतला म्हणत आली होती त्याच्याच नाभीतून तो निघाला होता.

नाभी म्हणजे अमोनाइटच्या, त्या प्राचीन समुद्री शंखाच्या, वेटोळ्यांच्या मधोमध पडलेली वाटी. प्राणी समुद्रतळाशी मेला, गाळात गाडला गेला, शंखाचा दगड झाला. आणि या वाटीत तेव्हा जो गाळ बसला तो तिथेच बसून राहिला. शंख बाहेरून हवा तेवढा घासा, नाभी मात्र शेवटपर्यंत राखून ठेवा, असं ती दर वर्षी वर्गात सांगायची. आणणारा काहीही सांगेल, नाभी स्वतःचं गाव सांगते. मुलं हसायची, तीही हसायची. स्वतःच्या शंखाची नाभी मात्र तिने आजवर कोरली नव्हती; आजही कोरली नसती, पण नाभीची रुंदी मोजल्याशिवाय नव्या प्रजातीचं वर्णन पुरं होत नाही. इतकी वर्षं का नाही कोरली?... हा प्रश्न तिला सुई हातात असताना पडला, आणि मुळीच आवडला नाही.

वर्णन तर जवळजवळ झालं होतं. वेटोळी एकमेकांना निम्मी झाकणारी, पाठ गोलसर, बरगड्यांचे कंगोरे नाभीच्या काठावरून निघून निम्म्या वाटेच्या आधीच दुभंगणारे – हे वाक्य तिने किती वेळा खोडून लिहिलं होतं. कारण सगळी मदार त्या दुभंगण्यावर होती. नदीपलीकडे हिरव्या वाळूचा थर आहे, त्यात अगदी असाच शंख सापडतो, त्याचं नाव कुणीतरी केव्हाच ठेवून गेलेलं. त्याच्या बरगड्या जरा वर दुभंगतात, एवढंच. पण खाणीतला पिवळा थर हिरव्याच्या कितीतरी खालचा, कितीतरी जुना. म्हणून हा वेगळा, म्हणून नवा, म्हणून त्याला नाव द्यायचं – तो आणून देणाऱ्या बाबांचं. आणि दोघे एकाच थरातले निघाले तर? मग कसला फरक. एकाच घरातल्या दोन भावंडांच्या नाकांत असतो तेवढा. मग प्रजाती नाही, नाव नाही, आणि बाबा...

नाही, आधी खोली. संशय घ्यायचा तर आधी खोलीवर घ्यावा. गेल्या आठवड्यात याच टेबलावर हिरवी वाळू चाळली होती. फोटो काढणाऱ्याने शंख दोन दिवस स्वतःकडे ठेवला होता, आणि त्या माणसाचे हात तिला कधीच स्वच्छ वाटले नव्हते. कुणीतरी मुद्दाम... कुणाला काय पडलंय? तरी तिने दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग सुई पुन्हा नाभीत घातली. वर चुन्याची पातळ खपली होती, दगडाइतकी घट्ट. ती उडवली तर खाली पुन्हा हिरवं, ठासून भरलेलं. खपलीखाली कुणी काही सरकवू शकत नाही. फोटोवाला सुटला, टेबल सुटलं, आणि संशयाला जायला एकच दार उरलं.

नेमके तेव्हाच घाईसाहेब आले. विभागप्रमुखांना सगळे घाईसाहेबच म्हणत, त्यांच्यासमोर नाही इतकंच.

"मॅडम, तुमचं सगळं बघितलं मी. ठिकाण तेवढं लिहायचं राहिलंय."

"लिहिते ना, सर."

"पिवळी खाणच ना? मग त्यात राहण्यासारखं काय आहे? दोन शब्द. उद्या पाठवून टाकू."

त्यांची नजर भिंगाकडे वळली आणि तिने शंखावर पंजा ठेवला. अगदी सहज ठेवल्यासारखा. ते गेल्यावरही तो तसाच होता. मी काय झाकलं? दगड झाकला की माणूस?

लहानपणी तिला ताप होता तेव्हा. बाबा मोजणीखात्यात, सदा फिरतीवर. त्या दिवशी आले ते सरळ तिच्या उशाशी बसले, रुमालाची गाठ सोडली आणि शंख तिच्या हातावर ठेवला. "पिवळ्या खाणीत मोजणी करताना पायाखाली आला बघ. म्हटलं, आमच्या आजारी माणसाला न्यावा." मग तिचं बोट धरून नाभीपासून बाहेर, वेटोळ्यावेटोळ्याने फिरवलं... सावकाश जायचं, म्हणाले, तो प्राणी असाच मोठा होत गेला. त्या एका संध्याकाळवर तिने शिक्षण घेतलं, नोकरी घेतली, सगळं आयुष्यच उभं केलं म्हणा ना. आणि ते बोट, ते रुमाल सोडणं, सगळं खरं होतं – मग मधलं तेवढं एक वाक्य खोटं कसं असेल?

पण कॉलेजच्या सहलीहून ती पहिल्यांदा पिवळ्या खाणीतून घरी आली तो दिवस. केसांत, नाकात, मोज्यांत धूळ, आपादमस्तक पिवळीधमक. बाबा खुर्चीत बसले होते. हसून हसून त्यांना ठसका लागला, आणि पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "एवढी धूळ असते तिथे?"

एवढी धूळ असते तिथे. तीही हसली होती. हसत हसत न्हाणीघरात गेली होती आणि पाणी सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली होती. का, ते आता आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

घरी चालत जाताना शंख घातलेली पर्स तिला जड लागत होती. नदीपलीकडे बाबांना मोजायला काय होतं? कोण होतं? शंख कुणाच्या अंगणातून उचलला – आणि उचलला तेव्हा त्या अंगणात कुणी मूल होतं का, त्याच्या हातातून तर घेतला नसेल?... रस्त्यात समोरून येणाऱ्या, साधारण आपल्याच वयाच्या एका बाईकडे ती इतकं निरखून पाहत राहिली की ती बाई बावरून बाजूला झाली. बाबांसारखं नाक शोधत होते मी. तिला स्वतःची चीड आली, आणि लाज वाटली, आणि तरी पुढच्या बाईकडेही तिने पाहिलंच.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तिने चहाचं विचारलं. नको म्हटल्यावर एकदा चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगांत डोकं घातलं. आईचा हा गुण सगळे वाखाणायचे, की ती खोदून विचारत नाही.

"आई, बाबांनी तो शंख आणला ना, तेव्हा मळलेला होता का गं?"

"मळलेला म्हणजे? लडबडलेला होता. मीच धुतला. तू तापात, तोंडात घालशील म्हणून."

"कसली माती होती?"

आईचा हात थांबला. फार नाही, शेंग एका ठिकाणी अडली असती तर जेवढा थांबला असता तेवढाच.

"हिरवट. त्यांच्या बुटांना असायची ना, तीच. वाळली की निघता निघायची नाही मेली."

मागच्या नळाशी उकिडवी बसून जुन्या सुरीने बूट खरवडणारी आई... बाबा फिरतीहून आले की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून. घरात कुणाला चिखल दिसला नाही. आईला स्वच्छतेचं वेड आहे असं आम्ही म्हणायचो. आत्या तर चारचौघांत थट्टा करायची, आणि आईसुद्धा त्या थट्टेत सामील व्हायची. कुठलं भिंग नाही, कुठली सुई नाही – हिने नुसत्या सुरीवर सगळं वाचलं होतं आणि नळाखाली सोडून दिलं होतं.

"त्या मधल्या खळग्यात शिरलेली तेवढी राहिली," आई म्हणाली. मग पर्सकडे पाहून, "अजून आहे का आत?"

"आहे थोडी."

"मग दे इकडे. घासून देते. आणि तू आपली पिवळी खाण लिहून मोकळी हो."

आईने हात पदराला पुसून पुढे केला. ठिकाण लिहायचं राहिलंय हे तिने आईला सांगितलं नव्हतं. आज नाही, कधीच नाही. मग हिला कसं... पण आईचा चेहरा नेहमीचाच होता, मटारचं एक साल बोटाला चिकटलेलं होतं, आणि त्या चेहऱ्यावर संशय घ्यावा असं काही नव्हतं, हेच तिला आता सगळ्यात संशयास्पद वाटू लागलं.

तिने पर्स उघडली. शंख हातात आला आणि बोट आपसूक त्यावर फिरू लागलं. आज मात्र उलटं, बाहेरून आत, बरगड्यांवरून घसरत नाभीच्या काठापर्यंत. तिथे ते थांबलं. आत खरखरीत लागत होतं. आईने बाहेरून जेवढा घासता येईल तेवढा घासला होता; आत मात्र कुणी हात घातला नव्हता, आणि घालू शकणारी, सुई, भिंग, सगळं असलेली, या घरात एकटी मीच होते. न्हाणीघरात पाणी सोडून उभी राहिले त्या दिवसापासून.

"देतेस ना?" आई म्हणाली.

तिने मूठ मिटली. रागाने म्हणावं तर राग आईवर नव्हता, आणि बाबांवर तो करायला तिला अजून जमत नव्हतं. आईचा हात तसाच पुढे होता, नखांच्या कडा मटारने हिरव्या झालेल्या, आणि ती त्या नखांकडे पाहत राहिली.