निळ्या दाराच्या गाडीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, अशी सुरुवात करायचं मनात होतं. पण माझा पुढचा निम्मा भाग बघितलात तर तुम्हीच म्हणाल, हिला मोटार म्हणणं जरा जास्तच झालं. इंजिन ड्रायव्हरच्या सीटपर्यंत भेटायला आलेलं आहे. समोरची काच नाही. मागचा निम्मा भाग मात्र अजून नीट आहे. मी रंगानं मरून, आणि माझं उजवीकडचं मागचं दार तेवढं निळं. हे दार लक्षात ठेवा.

माझा जन्म टेनेसीतल्या एका कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर मला पुसून, चकचकीत करून उन्हात उभी केली. आयुष्यातला सगळा मानसन्मान त्या एका दिवसात उरकला. माझी पहिली मालकीण चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. रविवारी चर्च आणि बुधवारी केस सेट करायला पार्लर, एवढंच मला जग माहीत होतं. ती गेल्यावर मी केंटकीच्या डोंगराळ भागातल्या नोरीन टॅकेट या बाईंकडे आले. नोरीन शाळेच्या भटारखान्यात मुलांना जेवण वाढायची. अख्खी शाळा तिला मिस नोरीन म्हणायची. तिला नवरा नव्हता आणि कोल्बी नावाचा मुलगा होता.

कोल्बी माझ्यावरच गाडी चालवायला शिकला, म्हणजे त्यानं मला जनावरांच्या खाद्याच्या दुकानाच्या खांबावर नेऊन घासली. भंगारातून त्यानं हे निळं दार शोधून आणलं आणि माय-लेकांनी अंगणात ते मला बसवलं. रंगवून घेऊ, असं नोरीन म्हणत होती. "कशाला? पार्किंगमध्ये सापडायला बरं," कोल्बी म्हणाला. शाळा संपल्यावर तो हमरस्त्यावरच्या आइस्क्रीमच्या टपरीवर कामाला लागला. घरी येताना रोज आईसाठी स्ट्रॉबेरीचा मिल्कशेक आणायचा. ग्लास माझ्या खाचेत ठेवायचा आणि वळणावर एका हातानं धरायचा.

पानगळीच्या दिवसांत आमच्याकडे नर हरणं माजावर येतात आणि दिवेलागणीला रस्ता बघत नाहीत. त्या संध्याकाळी एक आडवं आलं. कोल्बीनं स्टिअरिंग वळवलं. कुणीही वळवलं असतं. हरीण वाचलं. आम्ही दोघं ओकच्या झाडावर गेलो. त्यानं पट्टा लावलेला होता. अग्निशामक दलाच्या लोकांनी तो कापून त्याला बाहेर काढला. रक्ताच्या तपासणीत दारूचा थेंब निघाला नाही. मिल्कशेक माझ्या डॅशबोर्डवर वाळला.

मी भंगारात गेले. तिथं काही वर्षं पावसात काढल्यावर एके दिवशी वेंडल स्ट्राउड आले.

स्ट्राउडसाहेब वकील. अपघाताचे. हमरस्त्यावर त्यांचा घरापेक्षा मोठा फोटो आहे आणि त्याखाली लिहिलंय, 'धडकलात? वेंडल आहे.' समाजकार्याची त्यांना मनापासून आवड. अग्निशामक दलाच्या पॅनकेक नाश्त्याला तेच पॅनकेक उलटतात. थँक्सगिव्हिंगला गरिबांना टर्की वाटतात. मुलांना सायकलची हेल्मेटं फुकट देतात. हेल्मेटच्या मागच्या बाजूला त्यांचा फोन नंबर असतो, म्हणजे पोरगं तोंडावर पडलं की नंबर बरोबर वर येतो. स्थानिक पेपरात दर आठवड्याला त्यांचा सल्ला छापून येतो: शिडी कशी लावावी, फटाके कुणी उडवू नयेत, कुत्रा चावल्यास आधी कुणाला फोन करावा.

आणि आमच्याकडची एक रीत तुम्हाला ठाऊकच असेल. वसंतात प्रॉमचा, म्हणजे शाळा सोडून जाणाऱ्या मुलामुलींचा नाच जवळ आला की शाळेसमोरच्या हिरवळीवर एक चेंदामेंदा झालेली गाडी आणून ठेवतात. मुलांनी ती बघावी, घाबरावं आणि नाचून झाल्यावर पिऊन गाडी चालवू नये. साहेबांनी हा खर्च उचलला होता. भंगारवाल्याकडच्या सगळ्या गाड्यांमधून त्यांनी मला निवडलं. इतक्या वर्षांत पुन्हा माझी निवड झाली होती. मला आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू?

मग माझी तयारी सुरू झाली. कापलेला पट्टा लोंबत होता. तो साहेबांनी मुळापासून काढायला लावला, कारण त्यामुळे बघणाऱ्याचा गोंधळ होतो. माझ्यात बिअरचे रिकामे डबे टाकायचं ठरलं. आमची काउंटी दारूबंदीची, म्हणून भरलेले डबे शेजारच्या काउंटीतून आणावे लागले. ते रिकामे करायचं काम टोइंगवाल्या बर्लनं अंगावर घेतलं. ते पुरं केल्यावर त्यानंच मला ओढत पहिल्या शाळेत नेऊन सोडलं. माझ्याशेजारी फळा उभा राहिला: 'हा त्या रात्री तीन बिअर प्यायला. पट्टा लावला नाही. तुम्ही?' खाली साहेबांचं नाव आणि नंबर.

पहिली काही वर्षं आम्ही शेजारच्या काउंट्यांमध्ये फिरलो. माझा फार परिणाम व्हायचा. पोरं माझ्यात डोकावायची. डॅशबोर्डवरचा गुलाबी डाग बघून कुणीतरी म्हणायचं, रक्त. कुणी वास घ्यायचं आणि म्हणायचं, बिअर. एका गावात तर एक मुलगी चक्कर येऊन पडली. साहेबांनी तिला हेल्मेट दिलं.

मग एका वसंतात आम्ही नोरीनच्या शाळेत आलो. कोल्बीच्या बरोबरची मुलं केव्हाच पांगली होती, तेव्हा मला कुणी ओळखलं नाही. दुपारी भटारखान्याच्या मागच्या दारातून नोरीन कचरा टाकायला आली. तिनं निळं दार बघितलं. पिशवी तिथंच ठेवून ती एप्रनमध्येच हिरवळीवर आली आणि फळा वाचला. पुन्हा वाचला. पेपरवाल्यासाठी साहेब माझ्या टपावर हात ठेवून उभे होते.

"ही माझ्या कोल्बीची गाडी आहे," ती म्हणाली. "तो प्यायला नव्हता. रात्र पण नव्हती."

साहेबांनी टोपी काढली. दुःखी माणसासमोर कसं वागावं, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. त्यांनी फोटोवाल्याला थांबायची खूण केली आणि आवाज खाली आणला.

"मिस नोरीन, फळ्यावर कुणाचं नाव आहे का? 'हा' लिहिलंय. 'हा' म्हणजे कुणीही."

"गाडी त्याची आहे."

"गाडी माझी आहे. पावती आहे."

नोरीन म्हणाली, मी कोर्टात जाईन. साहेबांना याचा राग आला नाही. उलट त्यांनी तिला तिथंच, हिरवळीवर, फुकट सल्ला दिला. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, कायद्यात तशी सोयच नाही. "तो जिवंत असता ना, तर ही केस मीच घेतली असती," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

मित्रांनो, नोरीनकडे दुसरं काही नव्हतं. घर होतं, ते चाकांवरचं, ट्रेलरमधलं. मुलगा होता, तो टेकडीवरच्या कबरस्तानात. तो चांगला होता, एवढं एक लोकांच्या तोंडी शिल्लक होतं, आणि मी ते गावोगाव पुसत हिंडत होते. ती म्हणाली, मला गाडी द्या. साहेब म्हणाले, देतो की. फक्त या वसंतात माझ्याबरोबर शाळांमध्ये चला आणि आई म्हणून चार शब्द बोला. मोसम संपला की गाडी तुमची.

"बोलेन. पण हरणाचं बोलेन. इथली पोरं हरणापायी मरतात. ते आडवं आलं तर स्टिअरिंग वळवू नका, सरळ ब्रेक दाबा, हे कुणीतरी सांगायला पाहिजे."

साहेबांनी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं.

"हरणाला कोण घाबरतं, मिस नोरीन? आणि हरणावर केस करता येत नाही."

तीन दिवस ती हिरवळीकडे फिरकली नाही. तेवढ्यात पोरांनी माझ्या निळ्या दारावर धुळीत बोटानं लिहिलं, 'बेवडा'. चौथ्या दिवशी नोरीननं ते एप्रननं पुसलं आणि साहेबांना फोन केला.

भाषण साहेबांनीच लिहून दिलं. सगळी शाळा हिरवळीवर बसवली होती. मिस नोरीन माइकसमोर आली तेव्हा पोरं हसली, कारण रोज त्यांना बटाट्याचा लगदा वाढणारी बाई आज चर्चच्या कपड्यांत होती. मग तिनं पहिलं वाक्य वाचलं: "माझा मुलगा त्या रात्री तीन बिअर प्यायला होता." हसणं थांबलं. तिनं सगळं वाचलं, एकही शब्द न गाळता. मी ऐकत होते. कोल्बीला मी दोनदाच रडताना ऐकलंय, दोन्ही वेळा तो माझ्यात एकटा होता. त्या दिवशी अख्खी शाळा त्याच्यासाठी रडली, आणि ज्यासाठी रडली ते घडलेलंच नव्हतं.

वाचून झाल्यावर नोरीननं कागदाची घडी घातली आणि माइकमध्ये म्हणाली, "आणि हरीण..."

साहेबांनी टाळ्या सुरू केल्या. त्यांच्यामागून मुख्याध्यापिका, त्यांच्यामागून सगळी शाळा उभी राहिली. नोरीनचे ओठ थोडा वेळ हलत होते.

पुढच्या रांगेतली टॅबी होलब्रूक नावाची मुलगी धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. रोज माझ्या शेजारीच ती आपली पिवळी गाडी लावायची. "मी कधीच पिणार नाही, मिस नोरीन," ती म्हणाली. "आणि पट्टा पण लावीन."

त्या वसंतात अशी बरीच भाषणं झाली. पुढेपुढे नोरीन शेवटी हरणापर्यंत जायचा प्रयत्न करीनाशी झाली.

साहेबांनी शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. मोसम संपला त्या आठवड्यातच बर्लनं मला नोरीनच्या अंगणात आणून सोडलं. तिनं डबे काढून फेकले, डॅशबोर्ड पुसला नाही. माझ्यावर ताडपत्री घातली. कामावरून आली की निळं दार उघडून मागच्या सीटवर बसायची. तिला वाटलं असेल, आता संपलं. पण आता सगळ्या गावाला माहीत झालं होतं, आणि खुद्द आईनंच सांगितल्यावर कोण शंका घेणार? हरणाचं ज्यांना पक्कं आठवत होतं तेही म्हणायला लागले की तेव्हा बिचारीनं झाकून नेलं. चर्चमधल्या बायका मक्याच्या ब्रेडचं भांडं घेऊन आल्या. त्यांनी नोरीनचा हात हातात घेतला आणि सांगितलं, आम्ही कोल्बीला माफ केलंय. नोरीननं भांडं ठेवून घेतलं.

उन्हाळ्यात पेपरात साहेबांचा लेख आला, आपल्या अंगणातले धोके. गंजका पत्रा, फुटकी काच, पडीक गाड्यांत घर करणारे साप. लेख उत्तम होता. काउंटीच्या सुरक्षा समितीवर अध्यक्ष म्हणून साहेबच होते. समितीनं पडीक गाड्या उचलायचा ठराव केला आणि यादीत मी निघाले. नोरीननं फोन केला तेव्हा साहेबांनी फार वाईट वाटतं असं सांगितलं. तुमच्यासाठी नियम वाकवला तर उद्या एखाद्या मुलाला पत्रा कापेल आणि मग मला त्याची केस घ्यावी लागेल, असं म्हणाले.

बर्ल आला तेव्हा खाली मान घालून साखळी लावत होता.

"मिस नोरीन, मी नुसता ओढतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "निदान आज तरी प्यायलेला नाहीस."

मी पुन्हा भंगारात आले. पानगळ लागली, हरणं माजावर आली. एके दिवशी माझ्या शेजारी एक पिवळी गाडी आणून टाकली. पुढचा भाग माझ्यासारखाच. पुढची चाकं पार डावीकडे वळलेली, माझ्यासारखीच. सीटवर कापलेला पट्टा लोंबत होता. माझ्या नाकाला बिअरचा वास चांगला ओळखता येतो, तो नव्हता. टॅबीनं मिस नोरीनला दिलेले दोन्ही शब्द पाळले होते.

साहेब पुढच्या वसंतासाठी गाडी बघायला आले. पिवळीभोवती फिरून त्यांनी मान डोलावली. रंग लांबून दिसेल, असं बर्लला सांगितलं. पट्टा काढून टाक, असंही सांगितलं. त्याच सुमाराला नोरीन आत आली. मला गाड्या चेपायच्या यंत्रात घालायच्या आधी निळं दार काढून द्या म्हणून ती भंगारवाल्याला विचारायला आली होती. तिनं पिवळी गाडी बघितली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"चाकं बघा, मिस्टर स्ट्राउड," ती म्हणाली.

"बघितली. डावीकडे वळलीयत." साहेबांनी डोळे बारीक करून अंतराचा अंदाज घेतला. "म्हणजे फळा उजव्या बाजूला लावायला लागेल."

मग त्यांनी टोपी काढली. पोरीची आई नवीन आहे, तिला माइकची सवय नाही, म्हणाले. तुम्ही तिच्या शेजारी नुसतं उभं राहिलात तरी तिला धीर येईल. नोरीननं भंगारवाल्याला दार काढायला लावलं. तिनं दार घेतलं. ते तिला एकटीला उचलेना, म्हणून दुसऱ्या बाजूनं साहेबांनी हात लावला. ते मदतीला कधी मागे राहत नाहीत.

मित्रांनो, यंत्राचा आवाज येतोय, म्हणून थोडक्यात सांगते. पिऊन गाडी चालवू नका. पट्टा लावा. साहेबांचे हे सल्ले अगदी बरोबर आहेत. आणि संध्याकाळी हरीण आडवं आलं तर स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक दाबा. हरीण मरेल. मरू द्या.

आणि कुणी बाई माइकसमोर उभी असेल, तर टाळ्या वाजवायची घाई करू नका. तिचं बोलून झालेलं नसेल.