बाबांच्या कमोडमधला डाग

डाग पहिल्यांदा दिसला तो सोमवारी, बाबांच्या खोलीला लागून असलेल्या संडासात. कमोडच्या डाव्या कडेपासून थेट पाण्यापर्यंत उतरलेला, दोन बोटं रुंद, तांबूस तपकिरी. सूनबाईने ब्रशने घासला, गेला. मंगळवारी पठ्ठ्या परत हजर. गुरुवारपर्यंत तर त्याला जोडीदारही मिळाला.

दुसऱ्या कुणाच्या घरी लोक बाटलीभर ॲसिड ओतून मोकळे झाले असते. पण ही सूनबाई पंधरा वर्षं रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. कुठेही वेगळा रंग दिसला की हिला त्यामागे आधी आजारच दिसायचा. लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्याची नखं बघून ‘एकदा थायरॉइड करून घ्या’ म्हणणारी ही बाई. शेजारी जिने चढून जाऊ लागले होते.

नवऱ्याच्या मते पाणी खराब असणार. प्लंबरला बोलावलं. त्याने टाकीत डोकं घातलं, पाइप ठोकून पाहिले आणि हात झटकले.

“ताई, सगळं प्लास्टिक आहे, गंजायला लोखंडच नाही. आणि पाणीच खराब असतं तर तुमच्या संडासातही डाग पडले असते ना?”

पाणी निर्दोष सुटलं. उरले बाबा.

दीड महिन्यापूर्वी बाबांचं हिमोग्लोबिन दहा निघालं होतं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी कामावरून आली की लोहाचं औषध टोपणात ओतून सासऱ्यांच्या खोलीत जायची, त्यांच्या पाठीला उशी लावून द्यायची, दहा मिनिटं बसून इकडचं तिकडचं बोलायची. “ठेव तिथे, जेवल्यावर घेतो,” बाबा म्हणायचे. रविवारी ती त्यांच्या बोटाला सुई टोचायची. दहाचं साडेनऊ झालं. तिने टोपणं दोन केली. साडेनऊचं नऊ झालं. आणि त्यात हा डाग!

तिचे स्वतःचे वडील ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणत म्हणत तीन महिन्यांत गेले होते. पोटात आतल्या आत रक्त जात होतं, आणि लेक लॅबमध्ये बसून गावभराचं रक्त तपासत होती. याबद्दल ती कुणाशी बोलायची नाही. स्वतःला तिने माफही केलं नव्हतं.

मग तिने कापसाने डाग टिपला आणि डबीत घालून लॅबमध्ये नेला. तपासणी म्हणाली, रक्त नाही. तिने किटची तारीख संपली असणार असं ठरवलं. नवीन किट फोडलं, तेही तेच म्हणालं. तर म्हणे, डागच शिळा झाला! बाईने मनात एकदा घेतलं की किटचं काय चालणार? तिने डॉक्टरांना फोन लावला. घशातून कॅमेरा घालून पोट बघू, परवा सकाळी या, असं ठरलं. बाबांची पाचावर धारण बसली.

आदल्या संध्याकाळी ती डॉक्टरांनी सांगितलेले प्रश्न घेऊन बाबांच्या समोर बसली.

“भूक?”

“उत्तम.”

“चक्कर?”

“जिना चढताना, जराशी.”

“शौचाचा रंग?”

बाबांची कळी खुलली. कॅमेरा टळायची हीच संधी होती. “एकदम छान पिवळा! या वयात असा रंग कुणाचा असेल सांग.”

सूनबाईचं पेन थांबलं. लोहाचं औषध सुरू केलं की शौचाचा रंग काळपट होतो, घाबरू नका, हे ती रोज पेशंटना सांगायची. आणि हे गृहस्थ दोन-दोन टोपणं घेऊन छान पिवळे?

ती उठली, टोपणभर औषध घेऊन संडासात गेली आणि डाव्या कडेने हळूच ओतलं. ओघळ बरोबर जुन्या वाटेने खाली उतरला.

“बाबा!”

“एक टोपण होतं तोवर फ्लशने निभत होतं गं,” बाबा बाहेरून म्हणाले. “तू दोन केलीस आणि घोटाळा झाला.”

“पण का? कडू लागतं म्हणून?”

“नाही, गोडच आहे.” बाबांनी चादरीची सुरकुती सरळ केली. “हिमोग्लोबिन बारा झालं की तुझं काम संपलं. मग परत दारातूनच ‘येते हं बाबा’. तुझी सासू गेल्यापासून या खोलीत संध्याकाळी कुणी बसलं नव्हतं. मी आजारी असलो तर दहा मिनिटं मिळतात.”

“म्हणून मरायचं?” ती ओरडली, आणि तिला रडू फुटलं. मग हुंदके देत तिने वडिलांचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. “एकदा झालंय हे. पुन्हा माझ्या डोळ्यांदेखत नको.”

बाबा ओशाळले. त्यांनी गुपचूप हात पुढे केला, दोन टोपणं औषध तिच्यासमोर घेतलं आणि जीभ बाहेर काढून दाखवली. तिला रडता रडता हसू आलं. तिने डॉक्टरांना फोन करून महिनाभर थांबू म्हणून सांगितलं, आणि पुन्हा येऊन बसली. अर्धा तास झाला, पाऊण झाला.

नवरा दारात येऊन उभा राहिला. “काय मग, डाग कशामुळे पडत होता?”

बाबा खाली बघू लागले.

“आपल्यामुळे,” सूनबाई म्हणाली. “ये, तूही बस.”