आवळीचे आळे

मित्रांनो, डोंबिवलीहून ठाकुर्लीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला, एका विहिरीजवळ उभी असलेली मी एक जुनी आवळी आहे. माझी छाया वडासारखी दाट नाही. चाळणीतून पीठ पडावे तसे माझ्या पानांतून ऊन खाली उतरते. तरीही माझ्याखाली बसलेला पांथस्थ निवून उठतो.

देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात चित्राबाईंनी मला येथे रुजविले. त्यांचे यजमान हरिहरपंत कल्याणच्या शाळेत संस्कृत शिकवीत. चित्राबाईंनी माझ्याभोवती मातीचे आळे केले, त्यावर पाचोळ्याचे पांघरूण घातले आणि विहिरीतून ओढलेली पहिली घागर नित्य मलाच दिली. मी वाढले. बुलबुलांनी माझ्यावर घरटे बांधले. पावसाचे पाणी माझ्या मुळांच्या वाटेने भूमीत जिरून विहिरीला मिळू लागले. कार्तिकात शेजारपाजारची बिऱ्हाडे आवळीभोजनाला माझ्याकडे येऊ लागली. आधी माझी पूजा, मग माझ्याच छायेत पंगत.

पुढे चित्राबाई तापाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ हरिहरपंतांनी माझ्या बुंध्यापर्यंत शहाबादी फरशी बसविली, सांधे सिमेंटने बुजविले आणि एका फरशीवर पत्नीचे नाव कोरविले. शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या, "पंत, आता लुगड्याला चिखल लागायचा नाही." सर्वांनी वाखाणणी केली. मलाही तो सन्मानच वाटला. मानाचा मोह वृक्षांनाही सुटत नाही.

पण तहान मी कोणाला सांगणार? माझा फुलोरा गळाला, फांद्या वाळू लागल्या. तिसऱ्या कार्तिकात माझ्यावर एकही फळ नव्हते. वाळके झाड अशुभ, ते तोडून नवे लावावे, अशी पंगतीत कुजबुज झाली. गोदूबाईंनी सुस्कारा टाकला, "आवळी चित्राच्याच मागे निघाली हो." हरिहरपंतांनी मान खाली घातली. त्यांनाही तसेच वाटत होते.

त्यांची कन्या नीला पूजेला बसली होती. तिने तांब्यातले पाणी माझ्या बुंध्याशी वाहिले. ते फरशीवरून ओघळून वाटेवर गेले. तिने पुन्हा वाहिले. पुन्हा तसेच झाले.

"अण्णा," ती म्हणाली, "आई हिला पाणी पाजायची. आपण नुसतं दाखवतोय."

"तिचं नाव आहे गं त्यावर," हरिहरपंत हळूच म्हणाले.

"नाव राहील, अण्णा. तिनं लावलेलं झाड जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिहरपंतांनी स्वतः पहार हाती घेतली. नावाची फरशी त्यांनी आधी सोडविली. ती भंगू नये म्हणून फार वेळ लावला, मग धोतराच्या सोग्याने पुसली. तिच्याखालची माती भाजलेल्या विटेसारखी कोरडी होती. ती पाहून ते तेथेच बसले. नीलाने घागर ओतली. तो गारवा माझ्या मुळांना अजून आठवतो.

ती फरशी आता विहिरीच्या काठाशी आहे. बायका तिच्यावर घागर टेकवितात आणि सांडलेले पाणी लहानशा पाटाने, फरश्या काढून पुन्हा केलेल्या माझ्या आळ्यात येते. वर्ष उलटल्यावर कार्तिकात मला मोजके आवळे लागले. त्या दिवशी गोदूबाईंच्या लुगड्याला चिखल लागला. त्या कुरकुरल्या खऱ्या, पण पहिला आवळा मागून घेतला तो त्यांनीच.

मित्रांनो, आम्ही वृक्ष तुम्हांला छाया, फळ आणि निर्मळ वारा देतो. विहिरींचे पाणी राखतो. आमची पूजा करा अथवा न करा. आमच्या पायांशी हातभर माती मात्र मोकळी असू द्या.